पाव, अर्धं की अख्खं? अमेरिकेत रँचवरून थेट बीफ घेणाऱ्यांसाठी

रँचवाल्याला फोन लावला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘क्वार्टर, हाफ की होल?’ कॉस्टकोतून एकेक ट्रे उचलणारा माणूस इथेच अडखळतो. पाव जनावर म्हणजे नेमकं किती मांस, ते किती महिने पुरणार, ठेवणार कुठे, काहीच डोळ्यांसमोर येत नाही. मग ‘जास्त घेतलं की स्वस्त पडतं’ एवढ्यावर बरेच जण अर्धं सांगून मोकळे होतात. आठ महिन्यांनी फ्रीजरच्या तळाशी खिम्याची पांढुरकी पडलेली पाकिटं सापडतात, तेव्हा तो स्वस्तपणा महागात पडलेला असतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. पहिल्या वेळी पावच घ्या, आणि तोही मिक्स्ड क्वार्टर, म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही भागांचं मांस असलेला. किती घ्यायचं याचं उत्तर रँचवर मिळत नाही, ते आपल्या स्वयंपाकघरात मिळतं. टेक्ससमधल्या शेजाऱ्याच्या घरी दर शनिवारी ग्रिल पेटते, तो अर्धं जनावर सहज संपवतो. आपल्याकडे रविवारचा रस्सा, मधल्या वारी एखादा खिमा, मुलांसाठी बर्गर. एवढ्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो करायला दहा मिनिटं पुरतात.

आधी घरातला हिशेब

कागदावर लिहा: आठवड्यात बीफ किती वेळा शिजतं आणि एका वेळी किती लागतं. चौघांच्या घरात रश्श्याला दीड पाउंड, म्हणजे पाऊण किलोच्या जरा खाली, पुरतं. आठवड्यातून दोनदा केलंत तर तीन पाउंड झाले. पाव जनावराची पाकिटं साधारण १२० पाउंडांची धरा (हा आकडा कुठून आला ते पुढे येतंच). १२० भागिले ३ म्हणजे चाळीस आठवडे. पावच नऊ महिने चालतो! अर्धं घेतलंत तर दीड वर्ष तेच खात बसाल.

आता यातून वजाबाकी करा. श्रावण पाळत असाल तर तो महिना गेला, किंवा लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातले, शुक्रवार गेले. आणि सगळ्यात मोठी वजाबाकी म्हणजे आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील आणि त्यांना घरात बीफ चालणार नसेल. तो काळ सरळ शून्य धरा. ‘ते असताना गॅरेजमध्ये वेगळं शिजवू’ असं म्हणणारे पुष्कळ पाहिलेत, शिजवताना कुणी पाहिलेलं नाही. नवरा-बायकोत एकच जण खाणारा असेल तर पावही जास्त होतो. काही रँच आठवा हिस्सा किंवा वीस-पंचवीस पाउंडांचा मिश्र खोका विकतात, तो बघा.

तीन वजनं, आणि पैसे कुठल्या वजनावर?

नवखा माणूस हमखास फसतो तो इथे. जनावराची वजनं तीन असतात. पहिलं जिवंत वजन. दुसरं हँगिंग वेट: कातडं, डोकं, पाय, आतडी काढल्यावर हुकाला टांगलेल्या धडाचं वजन. तिसरं पाकिटांचं वजन, म्हणजे आपण घरी आणतो ते.

बीफच्या जातीच्या चांगल्या पोसलेल्या स्टीअरचं, म्हणजे खच्ची केलेल्या तरुण बैलाचं, जिवंत वजन १,२५० पाउंड धरू. त्याचं हँगिंग वेट ६० ते ६३ टक्के भरतं, म्हणजे ७७५ पाउंडांच्या आसपास. मग हाडं, जादा चरबी आणि टांगून ठेवताना उडून गेलेलं पाणी वजा होतं. बरीचशी हाडं काढून घेतलीत तर हँगिंग वेटच्या साधारण ६२ टक्के हाती येतं, म्हणजे अख्ख्या जनावराचे ४८० पाउंड, अर्ध्याचे २४० आणि पावाचे १२०. हा झाला अंदाज. डेअरीच्या होल्स्टीन जातीचा बैल असेल तर हाडं जास्त आणि उतारा कमी, आणि डेक्स्टरसारखी जात तर मुळातच बुटकी. म्हणून जात विचारून घ्या.

दर बहुतेक ठिकाणी हँगिंग वेटवर सांगतात. उदाहरणादाखल समजा, दर पाउंडाला ५ डॉलर आहे. पावाचं हँगिंग वेट १९४ पाउंड, त्याचे ९७० डॉलर रँचवाल्याला. खाटकाची कापणी-पॅकिंगची मजुरी हँगिंग वेटवर पाउंडाला सव्वा डॉलर, ते सुमारे २४२. जनावर पाडण्याचे १२० डॉलर, त्यातला आपला पाव हिस्सा ३०. एकूण १,२४२ डॉलर. भागिले १२० केलंत की पाकिटातलं मांस पाउंडाला दहा डॉलर पस्तीस सेंटला पडलं. ऐकलेला दर पाच, दिलेला दर दहा. यात कुणी लबाडी केलेली नसते, हा धंदाच असा मोजला जातो. आपल्या भागातले आकडे घालून हीच बेरीज करा आणि मग दुकानाशी तुलना करा.

तुलना करताना एक लक्षात असू द्या. इथे खिमा आणि रिबआय, म्हणजे बरगडीवरचा मऊ स्टेक, एकाच दराने पडतात. घरात फक्त खिमाच खपत असेल तर पाउंडाला दहा डॉलरचा खिमा कशाला घ्यायचा? स्टेक, ब्रिस्केट (छातीचं मांस), शॉर्ट रिब (मांसल बरगड्या) हे सगळं खाणाऱ्या घरालाच हा सौदा परवडतो. हाडंही सोडू नका, त्याचं कारण हेच. नळी, मान, बरगड्या हाडासकट घेतल्या तर हाती ७० टक्क्यांपर्यंत वजन येतं, आणि वरचाच हिशेब पाउंडाला नऊ डॉलर चौदा सेंटवर उतरतो. रश्श्याला हाड लागतंच, मग ते खाटकाकडे का टाकून यायचं?

मावणार कुठे

एका घनफुटात ३५ ते ४० पाउंड पाकिटं बसतात. पावाला साडेतीन घनफूट, म्हणजे पाच घनफुटांचा छोटा चेस्ट फ्रीजर, म्हणजे वरून झाकण उघडणारा, आरामात पुरतो. अर्ध्याला आठ ते दहाचा, अख्ख्याला सोळाच्या पुढचा. फ्रिजच्या वरच्या कप्प्यावर विसंबू नका. तिथे आधीच खवलेला नारळ, मेथी, फ्रोझन पराठे आणि गेल्या गणपतीतल्या उकडीच्या मोदकांचं एक पाकीट मुक्काम ठोकून असतं. फ्रीजर गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर गॅरेजमधल्या उन्हाळ्या-हिवाळ्यात चालेल असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं आहे का, ते बघा. घरात न खाणारी माणसं असतील तर वेगळा फ्रीजर हा शांततेचाही मार्ग आहे.

फ्रीजर मांस येण्याच्या दोन दिवस आधी सुरू करा, शून्य फॅरनहाइटवर, म्हणजे उणे १८ सेल्सियसवर स्थिरावू द्या.

कुठला पाव?

पुढचा पाव आणि मागचा पाव यांत जमीन-अस्मानाचा फरक. पुढच्यात चक, म्हणजे खांदा, ब्रिस्केट, बरगड्या आणि रिबआय. मागच्यात सरलॉइन म्हणजे कमरेचा भाग, टी-बोन म्हणजे T आकाराच्या हाडाचा स्टेक, राउंड म्हणजे मांडी, आणि फ्लँक म्हणजे पोटाची कड. रश्श्याच्या दृष्टीने पुढचा पाव सोन्यासारखा, मांडीचं मांस कोरडं पडतं. पण पहिल्या खेपेला मिक्स्ड किंवा स्प्लिट क्वार्टर घेणं शहाणपणाचं: अर्ध्या जनावराची सगळी पाकिटं करून ती दोन गिऱ्हाइकांत सारखी वाटतात. आपल्या घरात काय आधी संपतं आणि काय पडून राहतं, ते त्यातून कळतं.

एक मर्यादा मात्र आहे. पावात कट शीट, म्हणजे मांस कसं कापायचं ते खाटकाला सांगणारा कागद, बहुधा आपल्या मर्जीने भरता येत नाही, कारण उरलेला पाव दुसऱ्याचा असतो. अर्ध्यापासून पुढे ते स्वातंत्र्य मिळतं. काही वस्तू मोजक्याच असतात हेही ध्यानात ठेवा: ब्रिस्केट आणि फ्लँक अर्ध्यामागे एकेक, तर जीभ, शेपूट, कलेजी आणि हँगर स्टेक (छाती-पोटामधल्या पडद्यालगतचा तुकडा) अख्ख्या जनावरात एकच. एक इंची रिबआय अर्ध्यामागे डझनभर निघतात. पाववाल्याला जीभ हवी असेल तर आधीच बोलून ठेवायला हवं. इथले बरेच लोक ती घेतच नाहीत, त्यामुळे मागणाऱ्याला सहसा मिळते. कलेजी आणि हृदयाचंही तेच.

वाटे घालायचे असतील तर

गावाकडे जत्रेला चार घरं मिळून बोकड घेतात आणि वाटे घालतात, तसंच इथे दोन-तीन कुटुंबांनी मिळून अर्धं घ्यायला काहीच हरकत नाही. माझ्या मते घरांचा मेळ जमत असेल तर पावापेक्षा हे केव्हाही चांगलं, कारण कट शीट आपल्या हातात येते. पण अमेरिकेच्या कायद्यातली एक मेख समजून घ्या.

जनावर कापणारे कारखाने तीन प्रकारचे. एक यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचा, निरीक्षक हजर असणारे. दुसरे राज्याच्या तपासणीखालचे. ही सोय सगळ्या राज्यांत नाही, टेक्ससमध्ये आहे. तिसरे ‘कस्टम एक्झेम्प्ट’, म्हणजे मालकाने स्वतःच्या जनावराचं मांस स्वतःसाठी कापून घ्यायचं. गावातली लहान दुकानं, ज्यांना मिडवेस्टात मीट लॉकर म्हणतात, ती पुष्कळदा या तिसऱ्या प्रकारात येतात. तिथे आपण मांस विकत घेत नाही, जिवंत जनावरातला हिस्सा विकत घेतो. पाकिटांवर ‘नॉट फॉर सेल’ असा शिक्का येतो. ते मांस घरच्यांनी, नोकरांनी आणि पैसे न देणाऱ्या पाहुण्यांनी खायचं. विकायचं नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की चौघांनी वाटे घालायचे तर चौघंही जनावर पाडण्याआधीच मालक झालेले हवेत. रँचवाल्याच्या कागदावर चौघांची नावं आणि हिस्से लिहून घ्या. आधी एकट्याने घ्यायचं आणि मग जास्त झालं म्हणून मित्राला पैसे घेऊन द्यायचं, हे चालत नाही. डब्यांचा घरगुती धंदा करणाऱ्यांनी तर हे मांस त्यात अजिबात वापरू नये.

हलाल हवं असेल तर तेही तारीख ठरवण्याआधी बोला. अमेरिकेच्या १९५८ च्या कायद्यात धार्मिक पद्धतीने जनावर पाडायला मान्यता आहे, पण प्रत्येक कारखाना ते करू देतोच असं नाही. आपला माणूस आणू देतात का, ते विचारा.

कट शीट: खरी कमाई इथे

जनावर टांगल्यावर खाटीक फोन करतो किंवा एक कागद पाठवतो. स्टेक किती जाड, एका पाकिटात किती, रोस्ट, म्हणजे अख्खे भाजायचे मोठे तुकडे, किती पाउंडांचे, खिमा किती पाउंडांच्या पाकिटांत, हाडं हवीत का, चरबी हवी का. ‘जसं नेहमी करता तसं करा’ म्हणालात तर अमेरिकन घराला सोयीचं मांस मिळेल: इंचभर जाड स्टेक, तीन-तीन पाउंडांचे रोस्ट, आणि बाकी सगळा खिमा. असा खिमा पाकिटांच्या एकूण वजनात सहज ४० टक्के भरतो, म्हणजे पावात जवळजवळ ४८ पाउंड. आठवड्याला एक पाउंड संपवणाऱ्या घराला तो वर्षभर पुरेल, आणि गोठवलेल्या खिम्याची चव तर यूएसडीएच्या सल्ल्याप्रमाणे तीन-चार महिनेच चांगली राहते. व्हॅक्यूम पॅकिंग असेल तर आणखी काही महिने निभावतं. तरी नुसता खिम्याचा डोंगर करून घेऊ नका.

त्याऐवजी असं सांगा. चकचे रोस्ट नकोत, दीड इंची तुकडे करून दीड-दीड पाउंडांची पाकिटं करा, कागदावर ‘स्ट्यू मीट’ म्हणून लिहा. म्हणजे एक पाकीट काढलं की रविवारचा रस्सा. शँक, म्हणजे आपली नळी, करवतीने दीड इंची चकत्या करून हाडासकट. मान चकत्या करून हाडासकट. शॉर्ट रिब दोन-दोन इंचांवर कापून. शेपूट सांध्यांवर तोडून. मज्जेची हाडं तीन इंची. खिमा एक-एक पाउंडाचा, जरा जाडसर दळून. इथला एकदा फिरवलेला खिमाही आपल्या कोरड्या खिम्याला गुळगुळीत वाटतो, म्हणून दुसऱ्यांदा फिरवू नका असं बजावा. मांडीचा एखादा रोस्ट ठेवा: गोव्याकडचा रोस्ट बीफ किंवा वसईकरांचं इंदियाल करणाऱ्यांना तो लागतो, आणि लोणच्याला मांडीसारखं मांस नाही.

‘करी कट’ हा शब्द बऱ्याच खाटकांना कळत नाही आणि संबंध जनावराचे हाडासकट बारीक तुकडे करायला ते तयार नसतात. चकत्यांवर मात्र ते राजी असतात, कारण ते त्यांचं रोजचं काम. उरलेलं घरी सुरीने करता येतं. पट्टीच्या करवतीने कापलेल्या तुकड्यांवर हाडाचा भुगा बसलेला असतो, तो ओल्या फडक्याने पुसून घ्या. अमेरिकन सल्ला मांस धुऊ नका असा आहे. आपल्या आया ऐकायच्या नाहीत, तो भाग वेगळा. धुवायचंच असेल तर निदान नंतर सिंक साबणाने घासा.

टी-बोनचा हट्ट असेल तर जनावराचं वय विचारा. तीस महिन्यांवरच्या जनावराचा मणका वेड्या गाईच्या रोगाच्या धास्तीने काढूनच टाकावा लागतो, मग हाडासकट टी-बोन मिळत नाही. दाण्यावर पोसलेली जनावरं त्याच्या बरीच आधी तयार होतात, नुसत्या गवतावरची उशिरा, कधीकधी त्या वयाच्या अगदी तोंडाशी.

वयाचा संबंध शिट्ट्यांशीही आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे, त्यामुळे तिथे बीफ म्हणून जे मिळतं ते म्हशी-रेड्याचं, आणि बहुधा उतारवयातलं. त्या सवयीने कुकरला सात-आठ शिट्ट्या दिल्या तर दीड-दोन वर्षांच्या स्टीअरचा चक धाग्याधाग्याने सुटून रश्श्यात विरघळेल. पहिल्या पाकिटाला तीन-चार शिट्ट्यांवर उघडून एक तुकडा दाबून बघा. नळीला मात्र वेळ द्या, तिथे घाई चालत नाही. बाटली मसाला असो वा कांदा-लसूण, मसाला परतताना पहिल्या वेळी तेल निम्मं घाला. दाण्यावरच्या जनावराला स्वतःचीच चरबी बरीच सुटते.

पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

दर जिवंत वजनावर, हँगिंग वेटवर की पाकिटांवर? हँगिंग वेट गरम धडाचं धरता की टांगून झाल्यावरचं? मजुरी दरात धरली आहे की वेगळी? व्हॅक्यूमचे जादा पैसे आहेत का? किती दिवस टांगता? दहा ते चौदा दिवस चांगले. एकवीस केले तर चव गडद होते, पण वजन आणखी घटतं. गवतावरचं म्हणजे शेवटपर्यंत गवतावरचं, की अखेरचे काही महिने मका? दोन्ही चांगलं, फक्त कळायला हवं. गवतावरच्याची चरबी पिवळसर असते, ती बघून घाबरू नका.

आणि जनावर केव्हा? २०२० मध्ये कोविडने मोठे मांस कारखाने बंद पडले तेव्हा लोक लहान खाटकांकडे धावले आणि तारखा कित्येक महिने पुढे गेल्या. आजही चांगल्या खाटकाकडे काही महिने थांबावं लागतं. बयाणा देऊन नंबर लावावा लागतो, आणि तो बयाणा परत मिळतो का, हे लेखी घ्यावं. ज्या रँचवाल्याला हे प्रश्न आवडत नाहीत, त्याच्याकडून घेऊ नका. बहुतेकांना उलट बोलायला आवडतं, आणि जनावरं बघायला या म्हणतात.

घरी आणल्यावर

खाटकाकडून पाकिटं गोठवलेलीच मिळतात. पावाला मोठे कूलर तीन-चार लागतील. गाडी दोन तास चालवायची असेल तर बर्फाची फारशी गरज पडत नाही, दगडासारखी पाकिटं एकमेकांना थंड ठेवतात. उतरवताना सगळी एकदम फ्रीजरमध्ये ओतू नका. खिमा एका बाजूला, रश्श्याचे तुकडे दुसऱ्या, स्टेक वर, हाडं तळाला. प्रकारागणिक वेगळ्या रंगाच्या कापडी पिशव्या केल्या की दरवेळी कमरेत वाकून उत्खनन करावं लागत नाही. झाकणाला एक यादी चिकटवा आणि काढलेल्या पाकिटावर काट मारा. कलेजी आणि खिमा आधी संपवा, स्टेक-रोस्ट वर्षभर थांबू शकतात. शून्य फॅरनहाइटला मांस बिघडत नाही, पण चव उतरते.

वितळवायचं फ्रिजमध्येच, आदल्या रात्री. घाई असेल तर पाकीट गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. ओट्यावर दिवसभर ठेवू नका. खिमा आणि बर्गर आतून १६० फॅरनहाइटपर्यंत शिजायला हवेत. आपला खिमा त्याच्या कितीतरी पुढे जातो, प्रश्न मुलांच्या बर्गरचा असतो.

वीज गेली तर झाकण उघडू नका. भरलेला फ्रीजर ४८ तास तग धरतो, अर्धा रिकामा २४. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेत टेक्ससमध्ये लाखो घरांची वीज गेली होती, तेव्हापासून फ्रीजरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवणारे बरेच झालेत. त्या म्हणजे पैशाविना मिळणारा बर्फच. वीज आल्यावर पाकिटं दाबून बघा: आत बर्फाचे कण असतील किंवा थर्मामीटर ४० फॅरनहाइटच्या खाली दाखवत असेल तर पुन्हा गोठवायला हरकत नाही. मऊ आणि कोमट झालेलं मात्र टाका, कितीही जीव तुटला तरी.